कुठली गं तू?

दिल्लीत मराठी माणसाच्या कानावर मराठी शब्द पडला की त्याला राहवत नाही. बसमध्ये असो, रेशनच्या रांगेत असो, नाहीतर दवाखान्यात स्वतःचं पोट धरून बसलेला असो, तो मान वळवणार आणि विचारणार, तुम्ही कुठले? मग गाव, मग तालुका, मग आडनाव, आणि शेवटी कुणाची तरी आत्या कुणाची तरी चुलत जाऊ निघतेच. मला या प्रश्नाचा लहानपणापासून कंटाळा आहे. माझा जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. ते म्हणायचे, सांग आपण वाईचे. मी वाई पाहिली ती भिंतीवरच्या फोटोत.

हेमलताकाकूंना मात्र हा प्रश्न म्हणजे जीव की प्राण. सहासष्ट साली त्या वर्ध्याहून लग्न होऊन दिल्लीत आल्या. नवरा श्रीरंग एका मंत्रालयात कारकून. पहिल्या हिवाळ्यात त्या नवऱ्याखेरीज कुणाशी म्हणून मराठी बोलल्या नव्हत्या. एके दिवशी सरोजिनी नगरच्या बाजारात त्या वांगी निवडत असताना शेजारच्या बाईने त्यांच्या कुंकवाकडे बघून विचारलं, तुम्ही कुठल्या? काकू तिथेच भाजीवाल्यासमोर रडायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की आता ती बाई मला माझीच कुणीतरी वाटते. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि अशी बाई आमच्या संस्थेत, जिथे सगळं कामच न विचारण्याचं.

आमची संस्था म्हणजे पहाडगंजमध्ये एका बॅगांच्या गोदामावरच्या दोन खोल्या आणि एक टेलिफोन. ज्यांना जगणं नकोसं झालंय त्यांनी फोन करावा, आम्ही ऐकावं, एवढंच काम. नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, समोरच्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्याचा शोध घ्यायचा नाही. हे नियम मी केले नव्हते, पण पाळून घेण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते खाष्ट सासूसारखं करत असे. या गोष्टीत पुढे एक गाव येईल, तेही मी बदललेलं आहे.

काकू आमच्याकडे आल्या पंच्याण्णवच्या सुमारास, पन्नाशीला टेकलेल्या. मुलाखतीला आम्ही तिघं होतो. त्यांनी आपल्या नोकऱ्या सांगायला सुरुवात केली आणि माझ्या शेजारचे गृहस्थ कानात कुजबुजले की ही नोकऱ्यांची भेळ आहे, बाई कुठे टिकलेली दिसत नाही. ते खोटं नव्हतं. टिकू दिलं असतं तर त्या पहिल्या नोकरीतच म्हाताऱ्या झाल्या असत्या. ती नोकरी ट्रंक एक्स्चेंजमधली, कानाला हेडफोन लावून गावोगावचे कॉल जोडायची. पण कच्ची, म्हणजे हंगामी होती, आणि अडुसष्टच्या संपात कच्च्यांना काढून टाकलं. मग त्या पानिपतहून चादरींचे गठ्ठे आणून सरकारी वसाहतींत दारोदार विकू लागल्या. लजपतनगरच्या पंजाबी बायकांपासून कॅन्टोन्मेंटमधल्या फौजी कुटुंबांपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं होती. मग श्रीरंगकाका गेले. क्वार्टर सोडावं लागलं, आणि डोक्यावर छप्पर मिळतं म्हणून फरीदाबादच्या एका कारखान्याच्या पाळणाघरात त्या लागल्या. स्वतःचं मूल नव्हतं. कारखाना बंद पडल्यावर पहाडगंजच्या एका हॉटेलात टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या.

तिथे एकदा एक पाहुणा आला. एकटा, सामान नाही. त्याने घरी लावायला कॉल बुक केला आणि थोड्या वेळाने खोलीतून फोन करून सांगितलं, रहने दीजिए, ज़रूरत नहीं. काकू म्हणाल्या, ठीक है साहब. सकाळी त्याची खोली फोडावी लागली. मुलाखतीत हे सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, मी जन्मभर लोकांचे कॉल जोडले, एकदा तरी विचारायचं होतं की का रद्द करताय. त्यानंतर भेळ हा शब्द आमच्यापैकी कुणी काढला नाही. मात्र मी त्यांना तेव्हाच बजावलं की काकू, इथेही विचारायचं नाहीच आहे, फक्त थांबायचं आहे.

काम त्यांना आलं, हे मी कबूल करते. आमच्या इतर लोकांना फोनवरच्या शांततेची भीती वाटे, ते काहीतरी बोलून ती भरून काढत. काकू एक्स्चेंजमध्ये शिकलेल्या होत्या की तुटलेल्या लाइनची शांतता वेगळी आणि माणूस श्वास घेत असतो ती वेगळी. त्या स्वस्थ बसत. कुणी ओरडून रडलं तर त्या घाबरत नसत, पण रडता रडता एकदम शांत झालं की ताठ व्हायच्या. पाळणाघरातली सवय. रडणाऱ्या पोराला भूक लागलेली असते, गप्प पडलेल्याला ताप असतो, असं त्या म्हणत. बाकी वेळी त्या इतकं बोलत की भीक नको पण कुत्रं आवर असं व्हायचं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्या मुलीचा पहिला फोन आला. भर दुपार होती. आमच्याकडे फोन दुपारीच जास्त येत, घरं रिकामी असतात तेव्हा. बाहेर लूचे गरम वारे चाललेले, खोलीत वाळ्याचा कूलर. फोन वाजला की कूलर बंद करावा लागे, नाहीतर त्याच्या घरघरीत ऐकू येत नसे. स्टेशनच्या घोषणा आत येऊ नयेत म्हणून खिडकीही लावायची. मग कॉल संपेपर्यंत घामाच्या धारा. खोली लहान, दुसरा रिसीव्हर माझ्या टेबलावर, नव्या माणसांवर लक्ष ठेवण्यासाठी. त्यामुळे त्या मुलीचे सगळे फोन मी ऐकले आहेत.

ती हिंदीत बोलायची. फौजी जवानाची बायको, विशी-बाविशीची. नवरा फील्डवर, सरहद्दीकडे. पोटातलं मूल आठव्या महिन्यात गेलं होतं. नवऱ्याला तार गेली, पण रजा मिळाली नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या एका साहेबांच्या घरी ती कामाला जाई. मेमसाहेब मुलांना घेऊन डोंगरावर सुट्टीला गेल्या होत्या आणि झाडलोटीसाठी किल्ली हिच्याकडे होती. त्या रिकाम्या घरात बसून ती साहेबांच्या फोनवरून बोलायची आणि प्रत्येक वाक्यामागे घाबरायची, की कुणाला कळलं तर माझ्या माणसाची नोकरी जाईल. मेरे को नींद नहीं आती, म्हणायची. बाळासाठी शिवलेली झबली घडी करून ठेवली होती. ती उघडायची आणि पुन्हा घडी घालायची. एकदा म्हणाली, अब सब घड़ी करके रख दिया है, बस मैं ही बाकी हूँ.

काकूंनी तिला दिवसांमागून दिवस धरून ठेवलं. कल फोन करोगी ना, असं त्या शेवटी विचारत आणि ती हूँ म्हणे. त्या हूँवर काकू दुसऱ्या दुपारपर्यंत जगत. पाळी नसली तरी फरीदाबादहून, जिथे त्या अजून राहत, शटलची गाडी पकडून यायच्या. मी रागावले की म्हणायच्या, उल्का, ती माझ्याकडे हूँ म्हणालीय, तुझ्याकडे नाही.

आणि मग ते झालं. त्या दुपारी मुलगी पहिल्यांदा थोडी सैल बोलत होती. मेमसाहेबांच्या कुंडीतली तुळस सुकत चालली आहे, ती रोज पाणी घालते, असं काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिला शब्द सापडेना आणि ती म्हणाली, वो क्या बोलते, मंजिरी आई है उसको. काकूंचा चेहरा उजळला. मी समोरून हात हलवला. पण जिभेला हाड नसतं. तीस वर्षांपूर्वी बाजारात ज्या प्रश्नाने त्यांना जीवदान दिलं होतं, तोच त्यांनी मायेने पुढे केला.

"अगंबाई, मराठीच की! कुठली गं तू?"

पलीकडे श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग ती मराठीत बोलली. आम्हाला ऐकू आलेलं तिचं तेवढंच मराठी.

"मी कुणी नाही."

फोन बंद झाला. काकू रिसीव्हर कानाला लावून बसून राहिल्या. ही तुटलेल्या लाइनची शांतता होती आणि ती ओळखायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्याही नाही. म्हणजे फोन वाजायचा, पण दुसऱ्यांचा, आणि काकू त्यांचंही नीट ऐकायच्या, एवढं मात्र सांगितलं पाहिजे. फोन ठेवला की पुन्हा पुतळ्यासारख्या बसायच्या. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मी वर्तमानपत्र आधी वाचून मगच टेबलावर ठेवू लागले. कॅन्टोन्मेंट हा शब्द दिसला की ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचायचे. आम्हा दोघींना काय वाटत होतं ते आम्ही एकमेकींना सांगत नव्हतो.

मग एके सकाळी मी आले तर काकू फोन पुढ्यात घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, हिंदुरावांना लावते. हे हिंदुराव सुभेदार, साताऱ्याकडचे, कॅन्टोन्मेंटमधल्या गणपतीचे कर्तेधर्ते, काकूंचे चादरींच्या दिवसांपासूनचे ओळखीचे. काकूंचं म्हणणं बरोबर होतं. साहेबांकडे काम करते, मूल गेलं, नवरा फील्डवर, एवढं सांगितलं असतं तर हिंदुरावांनी संध्याकाळच्या आत तिचं घर शोधून दिलं असतं. दिल्लीत मराठी माणूस लपत नाही.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. म्हटलं, हिंदुरावांना कळलं की त्यांच्या बायकोला कळेल. मग क्वार्टरांच्या रांगेत सगळ्यांना कळेल की ही साहेबांच्या फोनवर जीव द्यायच्या गोष्टी करते. ती लपत होती ती याच लोकांपासून. साऱ्या दिल्लीत तिला एकच जागा मिळाली होती जिथे ती कुणाची कुणी नव्हती, आणि तीही आपण काढून घेतली.

"आणि ती गेली तर?" काकू म्हणाल्या.

नियम काही देवाने लिहिलेले नसतात, आणि त्या सकाळी ते मला किती फडतूस वाटले हे माझं मला ठाऊक. तरी मी हात काढला नाही. काकू उठल्या आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेल्या. त्या बाईला न बोलता जाताना मी प्रथमच पाहत होते.

त्या गेल्या कुठे, तर थेट पानिपत. चादरींचा गठ्ठा आणला आणि दुसऱ्या दिवशी तो डोक्यावर घेऊन कॅन्टोन्मेंटच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. हिंदुरावांना वाटलं, बाईंनी जुना धंदा पुन्हा काढला. त्यांनी कौतुकाने आत सोडलं. मला हे सगळं काकूंनीच नंतर सांगितलं. मी भडकले, वाटेल ते बोलले. त्या ऐकून घेत होत्या.

त्यांचा विचार असा की विचारायचं काहीच नाही. दार उघडलं की फक्त चेहरा बघायचा. चादरी विकताना त्या शिकल्या होत्या की उंबरठ्यावर गठ्ठा उतरवायचा आणि गप्प राहायचं. बाईला बोलायचं असलं तर ती आपण होऊन बोलते. तशा त्या मराठी जवानांच्या क्वार्टरांतून दारोदार हिंडल्या. आणि झालं असं की प्रत्येक दारात बाईने त्यांचं लुगडं पाहिलं, कुंकू नसलेलं कपाळ पाहिलं आणि हसून विचारलं, मावशी, तुम्ही कुठल्या? पाणी देता देता विचारलं. चादरीचा पोत बघता बघता विचारलं. नवरा कधी गेला, मूलबाळ काय, कुणाकडे राहता, एकट्या कशा राहता. सगळ्याजणी चांगल्या होत्या, एकीने तर ताटात भाकरी वाढली. पण रांग संपेपर्यंत काकूंना श्वास घ्यायला जागा उरली नाही. मला म्हणाल्या, उल्का, मी माझ्या जन्मात पहिल्यांदा वर्धा सांगितलं नाही. खोटं सांगितलं. म्हटलं, नागपूरची.

टोकाच्या एका दारात साखळी तेवढी निघाली. आत अंधार होता. काकू नेहमीसारखं, चादरी आणल्यात गं बाई, असं म्हणाल्या आणि दार लागलं. पुन्हा उघडलं नाही. ती तीच होती की दुसरी कुणी झोपमोड झालेली बाई, देव जाणे. पण काकूंच्या मनाने घेतलं की तिनेच आवाज ओळखला. आधी प्रश्न विचारून हाकललं, आता दारापर्यंत पाठलाग केला. एका चुकीच्या दोन झाल्या. त्या माझ्यासमोर बसून छाती बडवल्यासारख्या रडल्या. मी त्यांना पाणी दिलं, दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते फक्त उकाड्याचे. आशा करायलाही लाज वाटत होती. काकू म्हणाल्या की जूनअखेर मी हे काम सोडते, माझ्यासारखीने इथे बसू नये. मी अडवलं नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आणि एका दुपारी फोन वाजला. मी कूलर बंद केला. काकूंनी उचलला आणि पलीकडून दबका आवाज आला.

"वो मराठीवाली आंटी तो नहीं हैं ना उधर?"

मी माझा रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. काकूंनी डोळे मिटले. ज्या मुलीची वाट बघत त्या दिवस दिवस उपाशी बसल्या होत्या, ती त्यांनाच टाळत होती. रडू येणं साहजिक होतं. पण काकूंच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांचा नव्हताच. एक्स्चेंजमध्ये म्हणे त्यांना पहिला धडा हाच मिळाला होता की बोर्डावर बसलं की आपण कुणी नसतो, नुसता आवाज असतो. आणि तो आवाज त्यांनी लजपतनगरच्या दारांतून उचलला होता. जाडसर, खळखळीत, पक्का पंजाबी.

"ना जी, वो तो गई. मैं हूँ ना पुत्तर, बोल तू."

ती बोलली. खूप वेळ बोलली. मधे खूप वेळ काहीच बोलली नाही, तेव्हा काकू तिच्याबरोबर गप्प बसल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या नेहमीच्या मराठीत म्हणाल्या, जिवंत आहे गं.

पाऊस सुरू होईपर्यंत हे चाललं. रोज दुपारी आमच्या खोलीत एक पंजाबी आंटी यायची, तिच्या जवळजवळ सगळ्या वाक्यांत पुत्तर असायचं आणि ती कधी काही विचारायची नाही. मुलगी रडायला लागली तेव्हा आम्हाला बरं वाटलं. झबली कुणाला तरी देऊन टाकावीत का, असं तिने स्वतःच एकदा काढलं. काकूंनी सल्ला दिला नाही. काम सोडायचं त्या विसरल्या आणि मीही आठवण केली नाही. पण त्यांची घालमेल मला दिसत होती. आईच्या हातच्या मेतकुटाची आठवण ती मुलगी अडखळत हिंदीत समजावून सांगायची, दाल का पाउडर जैसा, आणि काकूंना सांगावं लागायचं की ये क्या होता है पुत्तर, मैंने तो कभी खाया नहीं.

शेवटचा फोन आला तेव्हा बाहेर ढगाळ होतं. मेमसाहेब दुसऱ्या दिवशी परत येणार होत्या, किल्ली द्यायची होती. नवऱ्याला रजा मिळाली होती, तो तिला गावी घेऊन जाणार होता. आवाज बरा होता, पण फार बरा नव्हता. पुढे तिचं काय झालं, ती निभावली की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्या कामात कळत नाही. लोक धन्यवाद म्हणायला फोन करत नाहीत, आणि जे जातात तेही कळवून जात नाहीत. काकूंनी मात्र पुढची कित्येक वर्षं कॅन्टोन्मेंटच्या बातम्या वाचल्या.

फोन ठेवण्याआधी ती थांबली. श्वास ऐकू येत होता.

"आंटी, वो मराठीवाली आंटी कभी आई ना, तो उनको बोलना, मैं कोरेगाव की हूँ."

तिने काकूंना कधी ओळखलं होतं, पंजाबी आवाजाच्या पहिल्याच दिवशी की आत्ता, की ओळखलंच नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. काकूंनी विचारलं नाही.

"बोल दूँगी, पुत्तर," त्या म्हणाल्या.

लाइन तुटली. मी कूलर लावायला उठले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. रिसीव्हर अजून त्यांच्या कानाशीच होता. त्या बंद फोनमध्ये त्या हळूच म्हणाल्या, "मी वर्ध्याची गं."